सायबर गुन्ह्यांवर कायदेशीर मार्गदर्शिका लिहून घ्यायची, तर वकिलांकडे नेमकं मागायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा: सायबर हल्ला झाला की तो हाताळणाऱ्या एका घटना-प्रतिसाद पथकाला पोलिसांशी आणि दुसऱ्या पथकांशी रोज माहितीची देवाणघेवाण करावी लागते. सायबर गुन्हे आणि मूलभूत हक्क या विषयावर बाहेरच्या तज्ज्ञांकडून मार्गदर्शिका लिहून घ्यायचं ठरलं आहे. कामाची व्याप्ती कशी लिहावी, काम कुणाला द्यावं आणि हाती आलेलं काम चांगलं आहे की नाही हे कसं ओळखावं?

व्याप्तीच्या तुमच्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य आहे, ‘लागू असलेल्या सर्व कायद्यांचा सविस्तर आढावा घ्यावा.’ ते आधी खोडा.

मी या कामाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. काही वर्षं अशा मार्गदर्शिका लिहून दिल्या, नंतर लिहून घेऊ लागलो. आढावा मागितला की वकील आढावाच देतो, त्यात त्याची चूक नाही. हा कायदा, त्याची कलमं. तो कायदा, त्याची कलमं. आणि शेवटी ‘मूलभूत हक्क’ नावाचं एक प्रकरण, जे इतर कुठल्याही प्रकरणाशी बोलत नाही. ग्रंथ देखणा होतो. पण रात्री अडीच वाजता तपास अधिकाऱ्याचा फोन येतो, ‘या आयपी पत्त्याचे लॉग आत्ता पाठवा’, म्हणजे इंटरनेटवरच्या त्या क्रमांकावरून काय काय झालं त्याच्या नोंदी, तेव्हा पाळीवरची मुलगी तो ग्रंथ उघडत नाही. ती वरिष्ठांना फोन लावते, ते झोपलेले असतात, मग तिला जे बरं वाटेल ते ती करते. मार्गदर्शिका त्या मुलीसाठी लिहून घ्यायची आहे, हे एकदा मनाशी पक्कं केलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी दोन आठवडे पथकात एक वही ठेवा. काम करताना ‘हे आपण करू शकतो का?’ असं ज्या ज्या क्षणी कुणाच्या मनात आलं, तो क्षण दोन ओळींत लिहायचा. कायद्याची भाषा नको. माझ्या अनुभवात त्या वहीत साधारण सारखेच प्रसंग येतात. बॉटनेटची, म्हणजे विषाणूने काबीज केलेल्या संगणकांच्या जाळ्याची, वाहतूक आपल्या सर्व्हरकडे वळवली, ज्याला आपण सिंकहोल म्हणतो, आणि हजारो बाधित यंत्रांचे पत्ते गोळा झाले. ते कुणाला द्यायचे? परदेशी पथकाने चोरीला गेलेल्या पासवर्डांची यादी पाठवली. ती उघडायची का? गुन्हेगारांच्या सर्व्हरवर पीडितांचे वैद्यकीय कागद सापडले; किती वाचायचे? पोलीस तोंडी मागणी करतात आणि ‘लेखी नंतर पाठवतो’ म्हणतात. कुणी संशोधक न विचारता एखाद्या यंत्रणेतलं भगदाड शोधून आपल्याकडे घेऊन येतो. तो मदतनीस की आरोपी? यातले दहा-बारा प्रसंग निवडा. तीच तुमच्या कामाची व्याप्ती. कायद्यांची नावं त्यात नसली तरी चालतील, ती शोधायचे पैसे वकिलाला मिळणारच आहेत.

आता हक्कांचं. ‘मूलभूत हक्क’ म्हटलं की पथकातल्या तांत्रिक मंडळींच्या डोळ्यांसमोर आरोपी उभा राहतो आणि हक्क म्हणजे तपासातला अडथळा असा समज पक्का होतो. तो मोडायला माझ्याकडे दोन निकाल आहेत. दोन्ही युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचे, दोन्ही युरोपीय मानवी हक्क कराराच्या आठव्या कलमावरचे, म्हणजे खाजगी आयुष्याच्या हक्कावरचे. दोन्हींत प्रश्नही एकच: आयपी पत्त्यामागचं नाव पोलिसांना द्यायचं का?

पहिला फिनलंडचा. १९९९ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने कुणीतरी डेटिंगच्या संकेतस्थळावर लैंगिक स्वरूपाची जाहिरात टाकली. जाहिरात कुणी टाकली हे सेवा पुरवठादाराला शोधता आलं असतं, पण गोपनीयतेच्या नियमांकडे बोट दाखवून त्याने नाव द्यायला नकार दिला. तिथल्या न्यायालयांनाही नाव द्यायला भाग पाडणारी तरतूद कायद्यात सापडली नाही. २००८ मध्ये मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं की मुलाच्या हक्काचा भंग झाला आहे, कारण गुन्हेगारापर्यंत पोचण्याचा परिणामकारक मार्ग राज्याने कायद्यात ठेवलाच नव्हता. दुसरा स्लोव्हेनियाचा. २००६ मध्ये स्विस पोलिसांकडून माहिती आली आणि स्लोव्हेनियाच्या पोलिसांनी न्यायालयाचा आदेश न घेता पुरवठादाराकडून एका बदलत्या, म्हणजे पुरवठादार वेळोवेळी नव्याने देतो अशा, आयपी पत्त्यामागच्या ग्राहकाचं नाव मिळवलं. गुन्हा गंभीर होता, बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींचा. तरीही २०१८ मध्ये न्यायालयाने हक्कभंग झाल्याचं ठरवलं, कारण ज्या कायद्याच्या आधारे नाव घेतलं तो पुरेसा स्पष्ट नव्हता आणि गैरवापर रोखणारी स्वतंत्र देखरेख नव्हती.

एकात नाव दिलं नाही म्हणून हक्कभंग, दुसऱ्यात नाव दिलं म्हणून हक्कभंग. विरोधाभास वाटतो, पण दोन्हीकडे दोष तोच आहे: नाव देण्याचा स्पष्ट, देखरेखीखालचा रस्ता कायद्यात नव्हता. पीडिताचा हक्क आणि संशयिताचा हक्क दोन्ही त्याच रस्त्यावरून जातात. हक्क म्हणजे आरोपीची ढाल, हा समज इथे टिकत नाही. काम मागणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाला मी हे दोन निकाल समोर ठेवून दोन पानं लिहायला सांगतो: ‘या दोन्हींच्या उजेडात आमच्या पथकाने आयपी पत्त्याबाबतच्या मागणीला काय उत्तर द्यावं?’ ज्याला काम येतं तो पहिल्याच परिच्छेदात विचारतो की मागणी कोण करतंय, कुठल्या अधिकाराने, आणि तुमच्याकडे फक्त पत्ता आहे की ग्राहकाचं नावही. ज्याला येत नाही तो ‘समतोल साधणे आवश्यक आहे’ असं लिहून मोकळा होतो.

कोणती माहिती कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न साधा वाटतो पण नाही. २०१६ च्या ब्रायर खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने म्हटलं की संकेतस्थळ चालवणाऱ्याला पुरवठादाराच्या मदतीने माणसापर्यंत पोचायचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल, तर त्याच्या हातातला बदलता आयपी पत्तासुद्धा वैयक्तिक माहिती ठरतो. ‘आमच्याकडे नुसते आकडे आहेत, माणसं नाहीत’ हे पथकांचं आवडतं वाक्य तिथेच गळून पडतं.

व्याप्तीत एक गोष्ट आवर्जून मागा: माहितीची वर्गवारी आणि प्रत्येक वर्गासाठी वेगळं उत्तर. सायबर गुन्ह्यांवरचा २००१ चा आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट करार ग्राहकाची माहिती, वाहतुकीची माहिती (कोण कुणाशी, कधी जोडलं गेलं) आणि प्रत्यक्ष मजकूर असा फरक करतो, आणि त्याच्या पंधराव्या कलमात हे सगळे अधिकार हक्कांच्या संरक्षणाला आणि प्रमाणशीरपणाच्या तत्त्वाला बांधलेले आहेत. त्याच करारातला आणखी एक भेद पथकांच्या फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे ‘राखून ठेवा’ आणि ‘द्या’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. सोळाव्या कलमाखाली माहिती जास्तीत जास्त ९० दिवस जशीच्या तशी राखून ठेवायला सांगता येतं, ही मुदत वाढवण्याची तरतूद देश करू शकतात, आणि तेवढ्या वेळात माहिती हातात घेण्यासाठी लागणारा आदेश मिळवायचा असतो. रात्री अडीचच्या फोनला बहुतेक वेळा हेच उत्तर असतं: लॉग आत्ता गोठवतो, देऊ आदेश आल्यावर. पण तुमचा देश या करारात आहे का, नसेल तर देशी कायद्यात अशी वाट आहे का, हे त्या पानावर लिहिलेलं हवं. भारत या करारात नाही, तरी करारातली कलमं जशीच्या तशी उतरवलेल्या मार्गदर्शिका मी पाहिल्या आहेत.

घड्याळांचा मुद्दा चटकन सांगतो. भारतात सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावं लागतं. युरोपच्या सायबर सुरक्षेवरच्या दुसऱ्या एनआयएस निर्देशात मोठ्या घटनेची पूर्वसूचना २४ तासांत, आणि जीडीपीआर या तिथल्या माहिती-संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहितीच्या भंगासाठी ७२ तास. प्रत्येकाची सुरुवात वेगळ्या घटनेने होते आणि प्रत्येक सूचना वेगळ्या दारी जाते. तुम्हाला जी जी लागू आहेत ती एकाच पट्टीवर काढून मागा, एवढं पुरे.

यापेक्षा अवघड आणि मार्गदर्शिकांमधून बहुधा निसटणारा प्रश्न आहे हेतू बदलण्याचा. पथक माहिती गोळा करतं ते जाळं सुरक्षित ठेवण्यासाठी. जीडीपीआरच्या प्रस्तावनेतला ४९ वा परिच्छेद प्रतिसाद पथकांचं नाव घेऊन सांगतो की त्या कामाला काटेकोरपणे आवश्यक आणि प्रमाणशीर असेल तेवढी माहिती हाताळणं हे वैध हितसंबंधात बसतं. पण तीच माहिती पोलिसांकडे गेली की हेतू संरक्षणाचा राहत नाही, शिक्षेचा होतो. पोलिसांच्या हातातल्या माहितीला युरोपात वेगळा निर्देश लागू होतो, २०१६/६८०. पथक मधल्या उंबरठ्यावर उभं असतं आणि त्या उंबरठ्यावर काय घडतं हे कुणीच लिहून देत नाही. वकिलाला थेट विचारा: आम्ही स्वतःच्या कामासाठी गोळा केलेली माहिती देणं आणि पोलिसांनी सांगितलं म्हणून आम्ही गोळा करणं, यांत फरक काय? दुसऱ्या प्रकारात आम्ही पोलिसांचा हात बनतो का? बनत असू, तर पोलिसांना लागणारा आदेश आम्हालाही लागेल का? या उत्तरासाठी मी इतर तीन प्रकरणं सोडून द्यायला तयार असतो.

इथेच एक आडवा मुद्दा. देवाणघेवाणीसाठी वापरला जाणारा ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल, म्हणजे लाल, अंबर, हिरवा वगैरे खुणा, अनेकांना कायद्यासारखा वाटतो. तो पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या पथकांमधला शिष्टाचार आहे. हिरवी खूण लावली म्हणून वैयक्तिक माहिती वाटायला कायद्याचा आधार मिळत नाही, आणि लाल खूण दाखवून न्यायालयाचा आदेश परतवता येत नाही. मार्गदर्शिकेत हे एका चौकटीत असावं.

दुसरी जागा जिथे मी वकिलाला मनसोक्त वेळ देतो, ती म्हणजे परक्याच्या यंत्राला हात लावणं. ऑक्टोबर २०१० मध्ये डच पोलिसांनी ब्रेडोलॅब बॉटनेटचे १४३ सर्व्हर ताब्यात घेतले आणि त्याच बॉटनेटचा वापर करून बाधित संगणकांच्या मालकांना इशारा दाखवला. हेतू चांगला, पण ते संगणक जगभर पसरलेले होते आणि मालकांनी परवानगी दिलेली नव्हती. यावर बराच वाद झाला. २०११ मध्ये अमेरिकेत कोअरफ्लड बॉटनेटच्या वेळी आधी न्यायालयाचा आदेश घेऊन विषाणूला थांबण्याचा हुकूम पाठवला गेला, आणि तो काढून टाकण्यासाठी मालकांची लेखी संमती मागितली गेली. एप्रिल २०२१ मध्ये मात्र एफबीआयने मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या ईमेल सर्व्हरांवर हल्लेखोरांनी सोडलेले वेब शेल, म्हणजे बाहेरून हुकूम देण्यासाठी ठेवलेली चोरदारं, न्यायालयाच्या वॉरंटवर थेट काढून टाकले आणि मालकांना नंतर कळवलं. त्याच महिन्यात इमोटेट बॉटनेटच्या बाधित यंत्रांवर तपास यंत्रणांनी पोचवलेला काढणारा भाग ठरल्या दिवशी चालू झाला. दहा-अकरा वर्षांत हात किती पुढे गेला ते बघा. पण कोअरफ्लड आणि एक्स्चेंजच्या मागे न्यायालय होतं, आणि चारही ठिकाणी हात घालणारी सरकारी यंत्रणा होती. तुमच्या पथकाकडे यातलं काय आहे? ‘आम्ही फक्त सिंकहोलवरून एक छोटी आज्ञा पाठवली’ हे वाक्य अनधिकृत प्रवेशाच्या कलमात कसं बसतं, याचं रोखठोक उत्तर मागा. ‘करू नका’ असं उत्तर आलं तरी ते मोलाचं आहे.

‘प्रमाणशीर’ या शब्दापासून सावध राहा. वाईट मार्गदर्शिकेची ही हमखास खूण: दर पानावर ‘योग्य त्या प्रमाणात’ आणि प्रमाण कशाचं ते कुठेच नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्यावरच्या निर्बंधाला कसोटी दिली: कायद्याचा आधार, वैध हेतू, आणि हेतूच्या प्रमाणात उपाय. युरोपातली कसोटीही याच घराण्यातली. मी व्याप्तीत लिहितो की प्रत्येक प्रसंगाखाली या तीन ओळी भरलेल्या हव्यात, आणि चौथी ओळ माझ्या पदरची: कमी माहितीत काम भागलं असतं का? फाइलऐवजी नुसता हॅश, म्हणजे फाइल ओळखणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, पाठवून चालेल का, पूर्ण यादीऐवजी त्या त्या पुरवठादाराला त्याच्यापुरते पत्ते दिले तर? ही चौथी ओळ वकिलाला एकट्याला भरता येत नाही. त्याला तुमच्या माणसाशेजारी बसावं लागतं, आणि तेच मला हवं असतं.

काम कुणाला द्यावं, यावर माझं मत ठाम आहे. एका बड्या संस्थेच्या बायोडेटांच्या गठ्ठ्यावर भाळू नका. तीन माणसं लागतात: ज्याने डिजिटल पुराव्यावर न्यायालयात उलटतपासणी घेतली किंवा झेलली आहे असा फौजदारी वकील, माहिती-संरक्षण आणि घटनात्मक हक्कांत मुरलेला एक जण, आणि लॉगची ओळ वाचता येणारा एक. ती एका छताखाली असली तर बरं, नसली तर त्यांना एकत्र आणणं तुमच्या माथी. मुलाखतींच्या यादीत पोलीस आणि सरकारी वकील सगळेच घालतात. बचाव पक्षाचा वकील बहुतेक जण विसरतात. पथकाने दिलेल्या पुराव्याला भोक कुठे पडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. जालन्याच्या निवडणुकीतल्या व्हिडिओ चित्रणावरून निघालेला हा निकाल सायबर पथकाच्या प्रत्येक लॉगला लागू पडतो. बचावाचा वकील पहिल्याच भेटीत त्यावर बोट ठेवेल.

किमतीला गुणांकनात कमी वजन द्या आणि मघाच्या त्या दोन पानांना जास्त. हितसंबंधांचा खुलासा लेखी घ्या. ज्यांचे ग्राहक तुमच्याकडे घटना नोंदवतात अशीच कार्यालयं या कामासाठी पुढे येतात.

करारात तीन गोष्टी. पहिली, छापण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क तुमच्याकडे हवा, नाहीतर एक ओळ बदलायलाही पुन्हा पैसे मोजाल. दुसरी, सार्वजनिक मार्गदर्शिका आणि गोपनीय कायदेशीर सल्ला हे दोन वेगळे दस्तऐवज ठेवा. वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण अनेक देशांत सल्ल्याला असतं, छापून वाटलेल्या पुस्तिकेला नसतं. ‘आमच्या सध्याच्या पद्धतीतल्या त्रुटी’ हे प्रकरण पुस्तिकेत गेलं तर ते एक दिवस तुमच्याविरुद्ध वाचलं जाईल. तिसरी गोष्ट अद्ययावत ठेवण्याची. ‘दरवर्षी फेरआढावा’ हे कलम निरुपयोगी आहे, कायदा वर्षाचा हिशेब ठेवत नाही. २००६ चा युरोपीय निर्देश दळणवळणाची माहिती सहा महिने ते दोन वर्षं साठवायला लावत होता. ८ एप्रिल २०१४ ला तिथल्या न्यायालयाने तो मुळापासूनच अवैध ठरवला आणि त्यावर बेतलेली पानं एका दिवसात रद्दी झाली. उलटंही घडतं. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा देणारं ६६-अ हे कलम मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरलं, तरी त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. म्हणून प्रत्येक पानावर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ असं लिहून घ्या, आणि ठरावीक घटना घडली की, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाचा निकाल, नवा कायदा किंवा करार, तीस दिवसांत ते पान बदलून द्यायची अट घाला. संयुक्त राष्ट्रांचा सायबर गुन्ह्यांवरचा करार आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारला, पण तो लागू व्हायला ४० देशांची मान्यता लागते. अशा गोष्टी ‘कायदा’, ‘सही झालेलं’ आणि ‘मसुदा’ अशा तीन शिक्क्यांनी वेगळ्या दाखवायला सांगा.

काम बरं आहे का, हे ओळखायला मी समिती बसवत नाही. मसुदा आला की पाळीवरच्या दोन विश्लेषकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो, वहीतला एक प्रसंग देतो आणि वीस मिनिटांत निर्णय लिहायला सांगतो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर दोष त्यांचा नाही, पानाचा आहे. ते पान परत. शेवटचा हप्ता या चाचणीला बांधलेला असतो. एका लेखकाने यावर हरकत घेतली होती की कायद्यात एकच उत्तर नसतं. खरं आहे. पण मग पानावर ‘इथे कायदा अनिश्चित आहे, निर्णय अमुक अधिकाऱ्याने घ्यावा आणि कारण नोंदवावं’ असं हवं. दोन्ही विश्लेषक तेच लिहितील. त्याने पान बदललं.

आणि परिशिष्टात नमुने मागायला विसरू नका. माहिती राखून ठेवल्याची पोच, आदेशाची मागणी करणारं पत्र, आणि नकाराचं पत्र: तीन-चार ओळींचं, सभ्य, कलमाचा उल्लेख असलेलं, खाली पथकप्रमुखाच्या सहीची जागा. नव्या माणसाला वरच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणताना स्वतःचे शब्द सुचत नाहीत. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या मार्गदर्शिकांमध्ये सर्वांत जास्त वेळा उघडलं गेलेलं पान हेच होतं.